शोधाच्या आदल्या दिवशी

पेटंटचा दावा एकाच वाक्यात लिहायचा असतो. वाक्य पानभर लांबलं तरी चालतं, पूर्णविराम मात्र शेवटी एकदाच. ज्या अर्जाबद्दल मला लिहायचं आहे, त्याचा पहिला दावा मराठीत साधारण असा होईल: ‘सिलिकॉनच्या तबकडीवरचा असा कपॅसिटर, ज्यात तबकडीत खोल चर कोरलेले आहेत, त्या चरांच्या भिंतींवर विद्युतवाहक आणि विद्युतरोधक थर आळीपाळीने चढवलेले आहेत, हे चर गटागटांनी मांडलेले आहेत, आणि प्रत्येक गटातले चर शेजारच्या गटातल्या चरांशी काटकोनात आहेत.’

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले सर आणि त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, या दोघांचं हे काम. पेटंट ऑफिसकडून पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, हातात पडल्यावर दोघं माझ्याकडे आले. मी पेटंट एजंट आहे. अशा अहवालांना उत्तरं लिहिणं हे माझं रोजचं काम. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तांत्रिक तपशील मी इथे बदलले आहेत. प्रश्न मात्र आमच्यापुढे होते तेच आहेत.

आधी हा कपॅसिटर काय करतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन वाहक पत्रे, मध्ये रोधक. पत्र्यांवर विद्युतभार साठतो. साठा वाढवायचा तर तीनच वाटा आहेत. पत्र्यांचं क्षेत्रफळ वाढवा, मधला थर पातळ करा, किंवा त्या थराचं द्रव्य बदला. सिलिकॉन डायऑक्साइडचा परावैद्युतांक, म्हणजे तेवढ्याच जागेत किती भार साठू देतो त्याचं माप, 3.9 आहे, सिलिकॉन नायट्राइडचा 7 च्या आसपास, हाफ्नियम ऑक्साइडचा 20 च्या पुढे. थर पातळ करत गेलं की एका हद्दीनंतर इलेक्ट्रॉन सरळ आरपार जायला लागतात आणि साठवलेला भार गळतो. द्रव्य बदलायला गेलं तर नव्या द्रव्याचे नवे आजार. उरतं क्षेत्रफळ. चिपवर जागा सोन्याच्या भावाची, म्हणून आडवं पसरण्याऐवजी खाली खणायचं. 20 मायक्रोमीटर खोल चर दर 2 मायक्रोमीटरवर कोरले, तर प्रत्येक चराच्या दोन भिंती मिळून 40 मायक्रोमीटर होतात; म्हणजे तेवढ्याच जागेत साधारण वीसपट पृष्ठभाग मिळतो. प्रोसेसरने अचानक वीज मागितली की ती अगदी जवळून, क्षणार्धात देण्यासाठी असे चरांचे कपॅसिटर त्याच्या बुडाशी बसवतात.

अडचण येते ती वाकण्याची. 300 मिलिमीटर व्यासाची तबकडी असते फक्त 775 मायक्रोमीटर जाड. तिच्यात एकाच दिशेने लाखो चर कोरले, त्यांत वेगवेगळे थर भरले आणि तापवून थंड केले, की प्रत्येक थर आपापल्या परीने आकसतो आणि तबकडी एका बाजूने उचलली जाते, उन्हात घातलेल्या पापडासारखी. यंत्रं सपाट तबकडीसाठी बनलेली. वाकलेली तबकडी पुढच्या टप्प्याला नीट धरताच येत नाही. या दोघांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे चरांचे गट एकाआड एक काटकोनात फिरवणं. एका गटाचा ताण उत्तर-दक्षिण, शेजारच्याचा पूर्व-पश्चिम. दोन्ही ताण एकमेकांना सांभाळून घेतात. आयएनयूपी नावाच्या सरकारी कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन प्रयोगशाळेत काम करता येतं. त्यांनी तिथे नमुने तयार केले, वाक मोजला, तो खरंच कमी झाला होता. कल्पना स्वच्छ, मोजमाप पक्कं.

एफईआरमध्ये या दाव्यावर दोन मुख्य हरकती होत्या. पहिली पेटंट कायद्याच्या कलम 3(ओ) ची. इंटिग्रेटेड सर्किटच्या लेआउटला, म्हणजे चिपवरच्या मांडणीच्या नकाशाला, भारतात पेटंट मिळत नाही. त्यासाठी 2000 सालचा सेमीकंडक्टर इंटिग्रेटेड सर्किट्स लेआउट-डिझाइन कायदा वेगळा आहे आणि त्यात संरक्षण 10 वर्षांचं. परीक्षकाचं म्हणणं, चर कसे मांडले एवढंच तुम्ही सांगता, मग हा लेआउटच नाही का? याचं उत्तर अवघड नव्हतं. आम्ही नकाशावर हक्क सांगत नव्हतो. एक भौतिक रचना आणि तिच्यामुळे कमी होणारा वाक, हा आमचा दावा होता. मोजमापं सोबत जोडली आणि ती हरकत पुढे टिकली नाही.

दुसरी हरकत कलम 2(1)(जेए) ची, आणि खरा कस तिथेच लागला. शोध नवा असून भागत नाही. आधी जे माहीत होतं त्याच्या तुलनेत त्यात तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, आणि त्या विषयातल्या जाणकार माणसाला तो सहज सुचणारा नको. परीक्षकाने दोन जुने दस्तऐवज पुढे ठेवले होते. डी-1 मध्ये असाच चरांचा कपॅसिटर, पण सगळे चर एका दिशेने. डी-2 वेगळ्याच क्षेत्रातला, मोठा विद्युतप्रवाह चालू-बंद करणाऱ्या पॉवर ट्रान्झिस्टरचा. त्यातही चर होते, तबकडी वाकत होती, आणि तिथे चरांचे गट काटकोनात फिरवले होते. परीक्षकाचं म्हणणं असं की डी-1 वाल्याची तबकडी वाकली, तर तो डी-2 उघडून बघेल आणि तेच करेल. यात शोध कुठे आहे?

हा जो जाणकार माणूस कायद्यात येतो, तो समजून घ्यायला मला मोठी पुस्तकं फारशी कामी आली नाहीत. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या वर गेला की आमच्या धरमपेठेत कुठल्या ना कुठल्या घरी पंखा मंदावतो. आमचाही मंदावला. मेकॅनिक आला, पात्याला बोटाने ढकलून पाहिलं आणि म्हणाला, “काही नाही ताई, कंडेन्सर बसला. पंखा जोर धरून नाही राहिला.” कंडेन्सर म्हणजे कपॅसिटरच. जुना काढला, त्यावर 2.5 मायक्रोफॅरड लिहिलेलं होतं. आतल्या प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अगदी पातळ लेप असतो. कुठे ठिणगी पडली की तेवढ्या जागेचा लेप उडून जातो आणि बिघाड आपोआप बुजतो, पण दर वेळी साठवण्याची ताकद थोडी कमी होते. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की पंखा रेंगाळू लागतो. हे सगळं त्याला असं शब्दांत सांगता आलं नसतं कदाचित, पण मंद पंखा दिसला की हात कंडेन्सरकडेच जातो. उद्या कोणी ‘मंद झालेल्या पंख्याचा कंडेन्सर बदलून वेग वाढवण्याची पद्धत’ असा अर्ज केला, तर तो याच माणसाच्या पायाशी येऊन पडेल. कायद्यातला जाणकार तो हाच: आपल्या कामात पक्का, बाजारात काय मिळतं ते ठाऊक असलेला, हातातली युक्ती गरज पडताच वापरणारा, पण ओळखीच्या वाटेबाहेर पाय टाकण्याचं कारण नसलेला.

पंख्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. हिंदुस्थानात पेटंटसारख्या एकाधिकाराचा पहिला कायदा 1856 साली आला, आणि त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरने 3 मार्च 1856 रोजी केला. यंत्र कशाचं, तर पंखा ओढण्याचं. तेव्हा पंखे छताला टांगलेले असत आणि दोरी ओढायला माणूस बसे. उन्हाळ्यात घामाने निथळत बसलेल्या देशाची पहिली नोंद पंख्याची असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जाणकाराची ही कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही फार जवळून घासून पाहिली आहे. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या दोन व्यवसायांचा खटला होता: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. लेथवर भांडं घट्ट धरून घासण्याच्या एका रीतीवर 1951 सालचं पेटंट होतं. निकाल आला 1978 मध्ये. न्यायालयाने म्हटलं की कारागिराने कारखान्यात नेहमीच्या अनुभवाने केलेली सुधारणा म्हणजे शोध नव्हे, आणि पेटंट रद्द झालं. आजही चिपवरच्या वादांत मिर्झापूरच्या त्या लेथचा दाखला येतो. तो येतो तेव्हा मला बरं वाटतं, कारण पितळेच्या भांड्याला आणि सिलिकॉनच्या तबकडीला कायदा एकाच मापाने मोजतो.

ही कसोटी लावणं किती कठीण आहे ते मात्र बाहेरून कळत नाही. एखाद्या शोधाचं वर्णन वाचून झालं की तो सहजच वाटतो. आपण उत्तर पाहिलेलं असतं, आणि मग प्रश्नापासून त्या उत्तरापर्यंतची वाट सरळ दिसू लागते. रॉबर्ट डेनार्ड यांचं डीरॅमचं, म्हणजे संगणकाच्या मेमरीचं, पेटंट घ्या. आयबीएममध्ये असताना त्यांनी 1967 मध्ये अर्ज केला, 4 जून 1968 ला ते मंजूर झालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढ्यात माहितीचा एक बिट. आज दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे चित्र परीक्षेत दोन मिनिटांत काढतो आणि त्याला वाटतं, यात काय मोठं? पण 1967 च्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. तेव्हा एक बिट धरायला सहा-सहा ट्रान्झिस्टर लागत. कपॅसिटरमधला भार गळतो, हे प्रत्येक इंजिनिअरला ठाऊक होतं, आणि जे गळतं त्यात आठवण ठेवायची नाही हेही त्याला तितकंच ठाऊक होतं. डेनार्ड यांनी गळती मान्य केली. गळू दे, गळून संपायच्या आत वाचून पुन्हा भरत राहू. आजच्या मेमरीतही प्रत्येक कपॅसिटर साधारण 32 ते 64 मिलिसेकंदांत एकदा असा पुन्हा भरला जातो. त्याची क्षमता 25 फेम्टोफॅरड धरली, तर आमच्या पंख्याच्या कंडेन्सरमध्ये असे 10 कोटी कपॅसिटर मावतील. एवढ्याशा भारावर जगाची स्मृती उभी राहिली, आणि ती गळणाऱ्या जागीच उभी राहिली. हा विचार आदल्या दिवशी कोणाच्याही हाताशी नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या होता.

परीक्षकाचं काम म्हणजे मनाने शोधाच्या आदल्या दिवशी जाऊन उभं राहणं, असं मी मानते. अर्ज वाचायचा, तो पुरता समजून घ्यायचा, आणि मग तो वाचलाच नाही असं धरून बघायचं की उपलब्ध कागदांतून इथवर कोण आलं असतं. हे मनाशी फार प्रामाणिक असल्याशिवाय जमत नाही. नाकारायचं म्हटलं तर सगळंच सहज सुचणारं ठरवता येतं. द्यायचं म्हटलं तर जुन्याच गोष्टीला नवे शब्द चढवून देता येतात. दोन्हीकडे कोणाचं तरी काहीतरी बुडतं. खोटं पेटंट दिलं की उद्या दुसऱ्या कोणा गावातला एखादा छोटा कारखानदार जे करायला मोकळा होता ते करू शकत नाही. खरं पेटंट नाकारलं की या सरांसारखी माणसं पुढच्या वेळी प्रयोगशाळेतलं काम कपाटात ठेवून देतात.

या कामाचं प्रशिक्षण ज्या शहरात मिळतं ते आपलं नागपूर आहे, हे नागपूरकरांनासुद्धा फारसं माहीत नसतं. सिव्हिल लाइन्समध्ये, हिस्लॉप कॉलेजच्या रस्त्यावर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. पेटंट परीक्षक तिथे शिकायला येतात. आणि सरकारने पेटंट माहितीचा साठा, पेटंट इन्फर्मेशन सिस्टीम, याच शहरात 1975 साली उभा केला. संगणक घरोघरी नव्हते तेव्हा जगभरची पेटंटं शोधायची तर इथे येऊन कागद चाळावे लागत. संत्री आणि झिरो माइलचा दगड याखेरीज नागपूरची ओळख सांगताना हे कोणी सांगत नाही. मला वाटतं, सांगायला हवं.

सुनावणी व्हिडिओवर झाली. आमचा मुद्दा असा होता की डी-1 स्वतःच वाचणाऱ्याला या वाटेवरून मागे फिरवतो. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की चर एकाच दिशेने ठेवा, म्हणजे सगळ्या भिंती एकसारख्या होतील. याला शास्त्रीय आधार आहे; सिलिकॉनच्या वेगवेगळ्या स्फटिक-प्रतलांवर, म्हणजे स्फटिक ज्या दिशेने कापला त्या पृष्ठभागांवर, ऑक्साइड वेगवेगळ्या वेगाने वाढतो, म्हणून चराची दिशा बदलली की थराची जाडी बदलू शकते. डी-1 वाचणारा माणूस चर फिरवायला धजावणार नाही, असं मी मांडलं.

कंट्रोलरनी, म्हणजे निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यांनी, शांतपणे ऐकून घेतलं आणि सरांना विचारलं, “तबकडी कोणत्या प्रतलाची वापरली?”

“हंड्रेड,” सर म्हणाले.

“मग नव्वद अंशांत फिरवल्यावर भिंतीच्या प्रतलात काय बदलतं?”

सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “काहीच नाही.”

खरंच काही बदलत नाही. ‘हंड्रेड’ हे सिलिकॉनच्या एका प्रतलाचं नाव, आणि त्या प्रतलात सिलिकॉनची सममिती चौकोनी असते. चर काटकोनात फिरवला की भिंतीवर पुन्हा त्याच जातीचं प्रतल येतं. 45 अंशांत फिरवला असता तर गोष्ट निराळी होती. जाणकार माणसाला हे माहीत असणारच. म्हणून डी-1 मधला इशारा त्याला काटकोनापासून अडवत नाही. एका प्रश्नात आमचा पहिला दावा पडला. सर पुढे मला म्हणाले, “मॅडम, एखाद्या व्हायव्हामध्ये इतका बरोबर प्रश्न आला नव्हता.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मलाही त्या माणसाबद्दल आदरच वाटला. स्क्रीनपलीकडे कोणीतरी आमचा कागद आमच्याइतकाच मन लावून वाचला होता.

मग आम्ही चौथ्या दाव्याकडे वळलो. डी-2 मध्ये काटकोनातल्या दोन गटांच्या मध्ये एक मोकळी सरळ पट्टी सोडलेली होती. डी-2 म्हणतो ती पट्टी सोडावीच लागते, नाहीतर एका गटातल्या चरांची टोकं शेजारच्या गटाच्या लांब भिंतीला भिडतात, ताण त्या रेषेवर एकवटतो आणि तिथून तडा जातो. पट्टी सोडली की क्षेत्रफळ वाया जातं, आणि कपॅसिटरमध्ये क्षेत्रफळ हेच तर सगळं. या दोघांनी पट्टी काढून टाकली होती. चरांची टोकं एका रेषेत न ठेवता एक लांब, एक आखूड, अशी मागेपुढे ठेवली. टोकांची सरळ रेषाच उरली नाही, म्हणून तड्याला धावायला वाट उरली नाही. टोकं गोल केली, कारण टोकदार कोपऱ्यात विद्युतक्षेत्र एकवटतं आणि रोधक थर तिथेच आधी फुटतो. पट्टी नसलेले नमुने, पट्टी असलेले नमुने, सरळ टोकांचे, मागेपुढे टोकांचे, सगळ्यांची गळतीची मोजमापं मूळ अर्जातच होती.

कंट्रोलरनी इथे बराच वेळ घेतला. डी-2 जे करू नका म्हणतो तेच इथे केलं होतं, आणि ते का चालतं हे दाखवलं होतं. डी-1 आणि डी-2 शेजारी ठेवले तरी त्यांतून ही मागेपुढे टोकं निघत नाहीत. कलम 59 प्रमाणे दुरुस्ती मूळ दाव्यांच्या कक्षेतच करावी लागते, नवं काही आत सरकवता येत नाही. आमचा चौथा दावा आधीपासून तिथे होता, म्हणून तो पहिल्यात मिसळून लिहिता आला. पहिल्या दाव्याचं वाक्य चांगलंच लांबलं. जितकं वाक्य लांब तितका हक्क अरुंद, हे या धंद्यातलं साधं गणित आहे. पेटंट मंजूर झालं.

विद्यार्थिनी थोडी खट्टू झाली. काटकोनाची कल्पना तिची होती, आणि तीच हातची गेली. डी-2 तिने त्याआधी पाहिलेला नव्हता, म्हणजे कल्पना तिला खरोखर स्वतंत्रपणे सुचली होती. तिचं दुःख मला पटतं. पण कायदा कोणाला सुचलं ते विचारत नाही, जगाच्या हाती काय आधीच होतं ते विचारतो. आणि एका अर्थी तिला जे मिळालं ते जास्त तिचं आहे. काटकोन कोणालाही सुचू शकला असता, सुचलाही होता. पट्टी काढण्याचं धाडस तिनेच केलं, तेही आधीच्या कागदात ‘करू नका’ असं लिहिलेलं असताना आणि ते न वाचताच.

ही देवाणघेवाण मला न्याय्य वाटते. अर्ज केल्यापासून 20 वर्षं हक्क तुमचा. बदल्यात सगळं असं लिहून द्यायचं की जाणकाराला ते वाचून करता आलं पाहिजे. 18 महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि कोणीही तो फुकट वाचू शकतो. मुदत संपली की वस्तूही सगळ्यांची. आपल्या कॉलेजांतून मुलं शोधनिबंध वाचतात, पेटंट वाचत नाहीत, याची मला खंत आहे. पॉवर ट्रान्झिस्टरमधली युक्ती कपॅसिटरमध्ये कामाला येते हे ज्याला आधी दिसतं, तो पुढचं पाऊल आधी टाकतो. 2021 पासून शिक्षणसंस्थांना पेटंटचं शुल्क 80 टक्क्यांनी कमी झालं आहे. आता पैशाची सबबही पूर्वीइतकी राहिलेली नाही.

ते दोघं आता दुसऱ्या अर्जाच्या तयारीला लागले आहेत. टोकं किती मागेपुढे ठेवली म्हणजे ताण सर्वांत कमी होतो, याचं गणित त्यांना सापडलं आहे असं वाटतं. परवा दोघं येणार आहेत. मी सांगून ठेवलं आहे, तारखा घातलेली वही आणा, आणि त्यातली फसलेली चित्रं फाडू नका. तडे गेलेले नमुने, गळालेले नमुने, खोडलेल्या आकृत्या, सगळं बघायचं आहे. अर्जाचा मसुदा मी या वेळी तिथून सुरू करणार आहे.